मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि जंतुसंसर्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली की घरात पहिली चर्चा होते ती लेन्स कुठली बसवायची आणि खर्च किती येणार याची. जंतुसंसर्गाविषयीचा प्रश्न मात्र बहुतेक नातेवाईक तपासणी आटोपल्यावर, दाराशी थांबून, रुग्णाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारतात. तो मोकळेपणाने विचारला जावा आणि त्याचे उत्तरही आडपडदा न ठेवता दिले जावे, असे मला वाटते. गेली अनेक वर्षे नेत्रशल्यचिकित्सक म्हणून काम करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, ते येथे एकत्र केले आहेत.

शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यात खरोखरच जंतू शिरतात का?

होय, थोड्या प्रमाणात शिरतात, आणि हे आधीच मान्य केलेले बरे. आपल्या पापण्यांच्या कडा, पापण्यांचे केस आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचे पातळ आवरण यांवर निरोगी माणसातही जिवाणूंची वस्ती असते. उपकरण छेदातून आत-बाहेर जाताना त्यांतले काही आत जातात. शस्त्रक्रिया संपताना डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातील पाण्याचे नमुने घेऊन केलेल्या अभ्यासांत, कसलीही गुंतागुंत न झालेल्या डोळ्यांतही जंतूंची वाढ आढळली आहे. तरीही त्यांतल्या बहुतेक डोळ्यांना पुढे काहीही होत नाही, आणि याचे कारण डोळ्याच्या रचनेत आहे. पुढच्या कप्प्यातले पाणी वाहते असते. ते सतत तयार होते, सतत बाहेर पडते आणि साधारण दीड-दोन तासांत पूर्णपणे बदलते. त्यामुळे तुरळक जंतू तेथे तग धरू शकत नाहीत. भिंगाच्या मागचा काचरस मात्र साठलेल्या जेलसारखा असतो आणि जंतूंना तेथे आयतेच पोषण मिळते. या दोन कप्प्यांमध्ये आड येणारी भिंत म्हणजे भिंगाच्या पिशवीचा मागचा पडदा, जो केसाहूनही कितीतरी पातळ असतो. शस्त्रक्रियेत तो शाबूत राहिला तर धोका अगदी कमी असतो. तो फाटला तर काही पटींनी वाढतो. ‘पडदा फाटला होता, म्हणून आठवडाभर जास्त वेळा तपासायला या’ असे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर त्यामागे हाच हिशेब असतो.

‘डोळ्यात पू झाला’ असे म्हणतात, तेव्हा नेमके काय झालेले असते?

डोळ्याच्या आतल्या भागात, म्हणजे पुढच्या कप्प्यात आणि काचरसात, जिवाणूंची वाढ होऊन दाह सुरू झालेला असतो. वैद्यकीय भाषेत याला एन्डॉफ्थॅल्मायटिस म्हणतात. डोळे येणे हा बाहेरच्या आवरणाचा आजार असून त्याचा याच्याशी संबंध नाही. आतला संसर्ग ही तातडीची, तासांच्या हिशेबाने मोजायची अवस्था आहे. बहुतेक रुग्णांत तो शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान दिसतो. क्यूटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा एक संथ वाढणारा जिवाणू मात्र भिंगाच्या पिशवीत दडून राहतो आणि काही महिन्यांनी डोळा पुन्हा पुन्हा लाल करत राहतो.

हे जंतू कुठून येतात? डॉक्टरांच्या हातातून, उपकरणांतून की हवेतून?

सर्वांत जास्त वेळा ते रुग्णाच्या स्वतःच्या पापण्यांवरून येतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात संसर्ग झालेल्या १७ रुग्णांच्या काचरसातील जिवाणूंची त्याच रुग्णांच्या पापण्यांवरील, डोळ्याच्या आवरणावरील आणि नाकातील जिवाणूंशी जनुकीय तुलना केली गेली, आणि १४ रुग्णांत ते एकच असल्याचे दिसून आले. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हे त्यांतले नेहमीचे नाव. हा जिवाणू त्वचेवर निरुपद्रवीपणे राहतो, पण आत गेल्यावर आजार करतो.

दुसरा मार्ग बाहेरचा आहे आणि तो अधिक भयंकर ठरतो, कारण त्यात एकाच दिवशी अनेक डोळ्यांना एकदम संसर्ग होतो. डोळ्यात सोडण्याचे सलाईन, पडदा रंगवण्याचे निळे औषध, डोळ्यात भरण्याचे जेल, नीट निर्जंतुक न झालेली नळी, वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी यांपैकी एक दुवा दूषित असला तरी पुरतो. अशा वेळी बहुधा सुडोमोनास हा ओलाव्यात वाढणारा जिवाणू सापडतो आणि तो एका दिवसात डोळा निकामी करू शकतो. २२ नोव्हेंबर २०२१ रोजी बिहारमधील मुझफ्फरपूर येथे एका दिवसात ६५ जणांवर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या अनेकांचे डोळे पुढच्या काही दिवसांत काढून टाकावे लागले. एका रुग्णाला संसर्ग झाला, तर त्याच्या पापण्या तपासाव्यात. दोघांना झाला, तर शस्त्रक्रियागृहाला कुलूप लावून शोध घ्यावा, असा साधा नियम आम्ही पाळतो.

शस्त्रक्रियेआधी डोळ्यात तपकिरी औषध घालतात, ते झोंबते. ते टाळता येईल का?

टाळू नये. या संपूर्ण लेखातले एकच उत्तर लक्षात ठेवायचे असेल, तर ते हेच असू द्या. ते औषध म्हणजे पोव्हिडोन आयोडीन. डोळ्याभोवतीच्या त्वचेसाठी १० टक्के आणि प्रत्यक्ष डोळ्यात ५ टक्के तीव्रतेचे द्रावण वापरतात, आणि ते डोळ्यात किमान ३ मिनिटे राहू द्यावे लागते. या तीन मिनिटांत पापण्यांच्या कडांवरचे आणि पापणीआडच्या खोबणीतले बहुसंख्य जिवाणू मरतात. प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणूही यातून सुटत नाहीत, आणि या औषधाला जिवाणू सहसा सरावत नाहीत. खर्च म्हणाल, तर एका डोळ्यामागे काही रुपये. संसर्ग रोखणाऱ्या इतक्या उपायांमध्ये इतका स्वस्त आणि इतका खात्रीचा दुसरा उपाय माझ्या माहितीत नाही.

मात्र ते वापरण्याची एक रीत आहे. बधिरतेचे जेल आधी घातले तर त्याचा थर पृष्ठभागावर बसतो आणि त्याखालच्या जंतूंपर्यंत आयोडीन पोहोचत नाही. म्हणून बधिरतेचे थेंब, मग पोव्हिडोन आणि गरज असेल तरच शेवटी जेल, हा क्रम पाळायचा असतो. बाटली कालची उघडलेली नसावी. आणि तीन मिनिटे म्हणजे भिंतीवरच्या घड्याळातली तीन मिनिटे. रांगेतला पुढचा रुग्ण थांबला आहे म्हणून ती दीड मिनिटावर येणे ही मला फार मोठी चूक वाटते. झोंबण्याविषयी सांगायचे, तर बधिरतेच्या थेंबांमुळे ते बरेच कमी होते आणि त्या दिवशी संध्याकाळी डोळ्यात खुपल्यासारखे वाटले तरी दुसऱ्या दिवसापर्यंत ते थांबते.

मला मासे आणि कोळंबीची ॲलर्जी आहे. आयोडीन चालेल का?

चालेल. कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनांमुळे येते. आयोडीनशी तिचा संबंध नाही. कोकणातून येणारे रुग्ण हा प्रश्न हमखास विचारतात, आणि केवळ या गैरसमजापोटी काही ठिकाणी पोव्हिडोन वापरायचे टाळले जाते. पूर्वी पोव्हिडोन लावल्यावर खरोखर अंगावर पुरळ उठले असेल, तर ते अवश्य सांगावे.

पापण्यांचे केस कापतात का?

आता बहुतेक ठिकाणी कापत नाहीत, कारण कापण्याने संसर्ग कमी होतो असे दिसलेले नाही. त्याऐवजी चिकट, पातळ, निर्जंतुक प्लास्टिकचा ड्रेप डोळ्यावर लावतात. रुग्णाला डोळा पूर्ण उघडायला सांगून ड्रेप लावायचा, मध्ये फट कापायची आणि कापलेल्या दोन्ही कडा चिमट्याने पापणीखाली दुमडून त्यावर पापण्या उघड्या ठेवणारी तार बसवायची. नीट दुमडलेला ड्रेप असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली एकही केस दिसत नाही. एक केस जरी छेदाकडे डोकावत असेल, तर थांबून ड्रेप पुन्हा लावावा. दोन मिनिटे जातात, ती जाऊ द्यावीत.

शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्याच्या आत प्रतिजैविक सोडतात, त्याचा खरेच उपयोग होतो का?

होतो, आणि यामागचा पुरावा भक्कम आहे. युरोपातील सुमारे १६ हजार रुग्णांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे दिसले, की शस्त्रक्रियेच्या शेवटी पुढच्या कप्प्यात १ मिलिग्रॅम सेफ्युरॉक्झिम न सोडलेल्या गटात संसर्गाचा धोका सुमारे पाचपट होता. आपल्याकडे या कामासाठी मॉक्सिफ्लॉक्सासिन अधिक वापरले जाते. तमिळनाडूतील अरविंद नेत्र रुग्णालयांनी सुमारे ६ लाख शस्त्रक्रियांचा हिशेब २०१७ साली मांडला. मॉक्सिफ्लॉक्सासिन न दिलेल्या डोळ्यांत संसर्गाचे प्रमाण ०.०७ टक्के होते, ते दिलेल्यांत ०.०२ टक्के झाले. मागचा पडदा फाटलेल्या डोळ्यांत हेच प्रमाण ०.४८ टक्क्यांवरून ०.२१ टक्क्यांवर आले.

आकडे इतके लहान आहेत की फरक नगण्य वाटावा. पण ०.०७ टक्के म्हणजे साधारण चौदाशे डोळ्यांत एक आणि ०.०२ टक्के म्हणजे पाच हजारांत एक. भारतात वर्षाला ६० लाखांहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रिया होतात; त्यांवर हा फरक लावला, तर तीन हजार डोळ्यांचा प्रश्न होतो. औषध कोणते हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते कसे भरले हेही. आत सोडायच्या औषधात परिरक्षक द्रव्य नसावे, आणि एकाच बाटलीतून दिवसभर अनेक सिरिंज भरल्या जाऊ नयेत; तसे झाले तर संसर्ग टाळण्याचे औषधच संसर्गाचे साधन बनते.

उपकरणे निर्जंतुक झाली, हे रुग्णालयाला कसे कळते?

उपकरणे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत ठेवली जातात. १२१ अंश सेल्सिअसला १५ पौंड दाबाखाली १५ ते २० मिनिटे, किंवा १३४ अंशांना ३ ते ४ मिनिटे, ही सर्वसाधारण परिमाणे आहेत. पण यंत्र चालले म्हणजे उपकरणे निर्जंतुक झाली, असे नसते. डबा खच्चून भरला असेल तर आत हवा अडकते आणि वाफ मधल्या उपकरणांपर्यंत पोहोचत नाही. उपकरणांवर जेल वाळलेले असेल तर त्याखालचे जंतू वाचतात, म्हणून आधी धुणे आणि पोकळ सुयांमधून दाबाने पाणी सोडणे हे निम्मे काम आहे. डब्यावर बाहेरून लावलेल्या टेपवरच्या रेघा काळ्या झाल्या, तर एवढेच सिद्ध होते की डबा यंत्रात जाऊन आला.

खरी साक्ष आतली पट्टी देते. आमच्याकडे सिस्टर डबा उघडल्यावर उपकरणांना हात लावण्याआधी तळाशी ठेवलेली पट्टी चिमट्याने उचलून दिव्याखाली धरतात, तिचा रंग पूर्ण पालटला आहे का हे पाहतात आणि ती रुग्णाच्या कागदपत्रांना चिकटवतात. रंग अर्धवट असेल तर तो डबा परत जातो, मग टेबलावर रुग्ण झोपलेला असला तरी. त्याशिवाय उष्णतेला अत्यंत चिवट अशा जिवाणूचे बीजाणू असलेली कुपी ठरावीक दिवसांनी यंत्रात ठेवून ते मेले की नाही हे तपासले जाते. उपकरणे उकळत्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये बुडवून काढणे पुरेसे नाही. बीजाणू त्यात मरत नाहीत.

शिबिरातून शस्त्रक्रिया करून घेणे सुरक्षित आहे का?

शिबिर म्हणजे काय, यावर उत्तर अवलंबून आहे. एके काळी शाळेच्या वर्गात किंवा धर्मशाळेत बाके जोडून शस्त्रक्रिया होत. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने पुढे दिशा बदलली: गावात फक्त तपासणी करायची आणि शस्त्रक्रियेसाठी रुग्णांना कायमस्वरूपी शस्त्रक्रियागृह असलेल्या रुग्णालयात न्यायचे. या रीतीने चालणाऱ्या शिबिरांमुळे, ज्यांना अन्यथा डोळे मिळालेच नसते अशा लाखो लोकांना दृष्टी मिळाली आहे, आणि त्या कामाविषयी मला मनापासून आदर आहे.

एका दिवसातला शस्त्रक्रियांचा आकडा ऐकून लोक घाबरतात. मी मात्र उपकरणांचे संच किती, असे विचारेन. धुणे, डबा भरणे, वाफ देणे आणि वाळवणे यांत तासभर तरी जातो. चार संच आणि चाळीस रुग्ण असतील, तर कुठेतरी घाई झाली असणारच. मदुराईच्या अरविंद रुग्णालयासारख्या ठिकाणी प्रचंड संख्येने शस्त्रक्रिया होऊनही संसर्गाचे प्रमाण अत्यल्प राहते, कारण तेथे संच, माणसे आणि नोंदी त्या संख्येला पुरतील इतक्या ठेवलेल्या असतात. शिबिरांतला दुसरा कच्चा दुवा शस्त्रक्रियेनंतरचा आहे. रुग्ण चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या गावी परत जातो आणि तिसऱ्या दिवशी डोळा दुखू लागला तर कुणाला सांगायचे, हे त्याला ठाऊक नसते. डिस्चार्ज कार्डावर चोवीस तास उचलला जाणारा फोन क्रमांक आहे की नाही, हे नातेवाइकांनी तेथेच, गाडीत बसण्याआधी पाहून घ्यावे.

मधुमेह असेल तर धोका वाढतो का?

वाढतो, आणि झालेला संसर्ग अधिक वेगाने बिघडतो. साखर आटोक्यात आणूनच शस्त्रक्रिया करावी. रांजणवाडी, पापण्यांच्या कडांना धरलेला कोंडा, पायावरची पिकलेली जखम, किंवा नाकाजवळ डोळ्याच्या कोपऱ्यात दाबल्यावर येणारा पू, यांपैकी काहीही असेल तर ते आधी बरे करावे लागते. शस्त्रक्रिया महिनाभर पुढे गेल्याने मोतीबिंदू पळून जात नाही.

पावसाळ्यात मोतीबिंदू काढू नये, असे घरातले ज्येष्ठ म्हणतात. ते खरे आहे का?

शाळेच्या वर्गात शस्त्रक्रिया होत, तेव्हा ते शहाणपणाचेच होते. बंदिस्त, गाळलेल्या हवेच्या शस्त्रक्रियागृहात ऋतूने रुग्णाला फरक पडत नाही. रुग्णालयाला मात्र पावसाळ्यात भिंतींची ओल आणि वातानुकूलन यंत्रे यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

घरी गेल्यावर कोणती लक्षणे धोक्याची समजावीत?

नजर कमी होणे, हे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे लक्षण. काल दिसत होते त्याहून आज कमी दिसते, एवढे वाक्य पुरेसे आहे. त्याशिवाय वाढती लाली, वेदना, पापणीची सूज, उजेड सहन न होणे आणि बुबुळाच्या खालच्या भागात दिसणारा पांढरट थर. वेदना नाहीत म्हणून निर्धास्त राहू नये. अमेरिकेतील ४२० रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात, जो १९९५ साली प्रसिद्ध झाला, सुमारे ९४ टक्के रुग्णांची नजर धूसर झाली होती, पण वेदना ७४ टक्क्यांनाच होत्या. म्हणजे चौघांतल्या एकाला दुखलेच नव्हते.

शेजारच्या तालुक्यातल्या एका आजी मला अजून आठवतात. शुक्रवारी संध्याकाळपासून त्यांना धूसर दिसत होते. मुलाचा कामाचा खाडा होईल म्हणून त्या दोन दिवस गप्प राहिल्या आणि सोमवारी आल्या, तेव्हा समोर धरलेली बोटे त्यांना मोजता येत नव्हती. ‘शस्त्रक्रियेनंतर एवढे होतच असेल, असे वाटले,’ असे त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी डिस्चार्जच्या वेळी रुग्णाबरोबर मुलगा, सून, जो कुणी असेल त्यालाही समोर बसवतो आणि रोज सकाळी दुसरा डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचा आकडा वाचून घ्यायला सांगतो.

संसर्ग झालाच, तर उपचार काय असतात?

डोळ्यातील पाण्याचा किंवा काचरसाचा नमुना घेऊन त्याच वेळी प्रतिजैविके थेट काचरसात सुईने दिली जातात. सहसा व्हँकोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहत थांबत नाहीत. वर सांगितलेल्या ४२० रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात, ज्यांना फक्त उजेड कळत होता अशा रुग्णांना दूषित काचरस काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेचा स्पष्ट फायदा झाला. आज अनेक दृष्टिपटलतज्ज्ञ त्याहून लवकर ती करण्याच्या मताचे आहेत. लवकर आलेल्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांना उपयोगी दृष्टी परत मिळते. नुसत्या गोळ्या आणि थेंबांवर हा आजार बरा होत नाही, म्हणून गावातल्या औषधांच्या दुकानातून थेंब बदलून घेण्यात वेळ घालवू नये.

दुसऱ्याच दिवशी डोळा खूप लाल झाला आणि धूसर दिसू लागले, तर तो संसर्गच असतो का?

नेहमीच नसतो. उपकरणांवर उरलेले साबणाचे अंश, चुकीच्या तीव्रतेचे औषध किंवा सदोष द्रावण यांमुळे जंतूंशिवायही तीव्र दाह होतो. तो १२ ते ४८ तासांत येतो, बहुधा दुखत नाही, बुबुळाचा पारदर्शक पडदा कडेपासून कडेपर्यंत सुजतो आणि स्टेरॉइडच्या थेंबांनी उतरतो. पण हा भेद फोनवर करता येत नाही. त्याच दिवशी डोळा दाखवावा.

घरी कोणती काळजी घ्यावी?

थेंब टाकण्याआधी साबणाने हात धुवावेत आणि बाटलीचे टोक पापणीला टेकू देऊ नये. डोळ्यात नळाचे, विहिरीचे किंवा नदीचे पाणी जाऊ नये म्हणून पहिले काही दिवस डोके मागे करून दुसऱ्याकडून धुवून घ्यावे. मध, गुलाबपाणी, एरंडेल, काजळ यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. पदराच्या टोकाने डोळा टिपण्याची सवय अनेक आजींना असते. त्याऐवजी उकळून गार केलेल्या पाण्यातला स्वच्छ कापूस फक्त पापणीवरून फिरवावा. वारीला जायचे असेल, तर किमान महिना जाऊ द्यावा आणि आधी तपासून घ्यावे, कारण धूळ, गर्दी आणि चंद्रभागेतले स्नान हे तिन्ही ताज्या छेदाला मानवणारे नाहीत.

दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया एकाच दिवशी करावी का?

काही देशांत निवडक रुग्णांत तसे करतात, पण प्रत्येक डोळा वेगळा रुग्ण मानून: वेगळा उपकरणसंच, नवे हातमोजे, वेगळ्या उत्पादन-क्रमांकाची द्रावणे. हे काटेकोरपणे जमणार नसेल, तर दोन डोळ्यांत काही आठवड्यांचे अंतर ठेवावे.

एका डोळ्यात संसर्ग झाला होता. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया करावी की नाही?

करता येते, आणि बहुतेकांना ती करावीच लागते, कारण आता त्या एका डोळ्यावरच सारी भिस्त असते. त्याआधी पहिल्या वेळचा जिवाणू कोणता होता ते पाहावे, पापण्या आणि आसवांची पिशवी पुन्हा तपासावी, साखर मोजावी आणि यादीत पहिला क्रमांक या रुग्णाचा ठेवावा. वर सांगितलेल्या आजी दीड वर्षाने दुसऱ्या डोळ्यासाठी आल्या. शस्त्रक्रियेच्या तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्यांनी स्वतः फोन लावला: डोळ्याला पाणी येते आहे, आकडा मात्र कालच्यासारखाच दिसतो आहे, येऊ का? त्या आल्या, डोळा उत्तम होता.